बासमतीचाही इतिहास लिहा

बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीचं नाव पेपरात येतं ते बहुधा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नापुरतंच. १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, १९६७ ला सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, १९८६ ला कन्नडसक्तीविरोधात हिंडलग्यात गोळ्या झेलल्या. पोरांना हे पाठ आहे, आणि असायलाच हवं. पण मार्कंडेय नदीकाठचा बेळगाव बासमती तांदूळ? आजी तो पाहुणे आले तरच शिजवायची. वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. आता कित्येक शिवारांत प्लॉटचे दगड रोवलेत. कुठल्या शेताला काय म्हणायचे, पाट कुठून वळायचा, हे सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेलीत. मंडळांनो, यंदा उत्सवातला डीजेचा खर्च वाचवा (कानही वाचतील) आणि या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. मोबाईल तर घरोघरी आहेत.