पुढची वर्गणी पीबीएसला

कोजागिरीला मसाला दुधाचे पेले हातात आले की आपल्याकडे ब्रिटिश मालिकांच्या गप्पा हमखास रंगतात. मग कुणीतरी विचारतं, “ती कुठे दिसते हो?” आणि उत्तरादाखल आणखी एका ॲपचं नाव मिळतं. माझं म्हणणं असं, की अमेरिकेत राहणाऱ्या आपण सर्वांनी आधी पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीचं नाव घ्यायला हवं.

शोधाशोध खरंच त्रासाची असते. मालिकेचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात आणि मुदत संपली की ती एका सेवेवरून गायब होऊन दुसरीवर उगवते. काहींची तर नावंच बदलतात. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ इथे ‘बेकिंग शो’ म्हणून शोधावी लागते, कारण ‘बेक-ऑफ’ हे नाव अमेरिकेत पिल्सबरीच्या मालकीचं आहे. ‘स्पूक्स’ इथे ‘एमआय-5’ झाली. त्यामुळे पैसे भरण्याआधी ‘जस्टवॉच’वर देश निवडून नाव टाकून बघावं; ते फुकट आहे. गावच्या लायब्ररीचं कार्डही विसरू नये. अनेक लायब्रऱ्या त्या कार्डावर कॅनोपी किंवा हूपला ही स्ट्रीमिंग सेवा देतात आणि जुन्या मालिकांच्या डीव्हीडी अजूनही कपाटात असतात.

पण मुद्दा पीबीएसचा. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या पीबीएस केंद्राने जानेवारी 1971 मध्ये ‘मास्टरपीस थिएटर’ सुरू केलं, तेव्हापासून ब्रिटिश नाट्यमालिका अमेरिकन घरांत येत आहेत, अगदी साध्या अँटेनावरही. ‘डाउनटन ॲबी’ इथे 2011 मध्ये आली ती याच वाटेने. आणि मास्टरपीस तयार माल आणून दाखवण्यावर थांबत नाही, अनेक मालिकांच्या निर्मितीत ते पैसे घालतं. यॉर्कशरमधल्या गुरांच्या डॉक्टरांची ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ ही ब्रिटनच्या चॅनल 5 ची आणि मास्टरपीसची भागीदारी आहे. भारतातून आलेले आई-बाबा सबटायटल लावून ती किती आवडीने बघतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, आणि तरी पुढच्या भागाची ओढ लागते.

आता हे सगळं अडचणीत आहे. जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षांकरिता मंजूर केलेले सुमारे 110 कोटी डॉलर परत घेतले. हा पैसा केंद्रांपर्यंत पोहोचवणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतील. लहान गावांतल्या केंद्रांचा मोठा आधार सरकारी पैसाच होता.

“मग ब्रिटिश मालिकांच्या ब्रिटबॉक्स, एकॉर्न या सेवा घ्यायच्याच नाहीत का?” जरूर घ्या. जुन्या पोलिसी मालिकांचा साठा त्यांच्याकडे उत्तम आहे, आणि ब्रिटबॉक्स 2024 पासून पूर्णपणे बीबीसीच्या मालकीचं असल्याने ते पैसेही चांगल्या कामी लागतात. पण एक महिना घ्या, हवं ते बघा, बंद करा. विसरून गेलेल्या सेवेचे पैसे वर्षभर कापले जातात ते मात्र वाया.

बहुतेक पीबीएस केंद्रांना महिना 5 किंवा वर्षाला 60 डॉलर दिले की ‘पासपोर्ट’ मिळतो आणि मास्टरपीसच्या अनेक मालिका सलग बघता येतात. पैसे थेट आपल्या भागातल्या केंद्राकडे जातात, तिथल्या बातम्यांना आणि मुलांच्या कार्यक्रमांनाही उपयोगी पडतात. वर्गणीवर संस्था कशी उभी राहते, हे आपल्या मंडळाला कुणी शिकवायला नको.

या महिन्यात घरातल्या सगळ्या सेवांची यादी काढा, न बघितली जाणारी एक बंद करा आणि तेवढे पैसे आपल्या पीबीएस केंद्राला द्या.