कागदी पाने आणि विझलेला दिवा



भयपटांचा एक वर्ग असा आहे की त्याची आवड चारचौघांत सांगावयास संकोच वाटावा. मुखवटा घातलेला मनुष्य सुरा घेऊन अंधारात हिंडतो आणि तरुण मंडळी एकामागून एक त्याला बळी पडतात, एवढेच त्यांचे कथानक. इंग्रजीत यांस ‘स्लॅशर’ म्हणतात. मुलांनी ते पाहू नयेत, हे आधीच सांगतो. आणि जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ मी कितीदा पाहिला हे मोजणे सोडून दिले आहे, हेही कबूल करतो.

मुद्रिते तपासण्यात आयुष्य चालले असल्यामुळे डोळा प्रथम चुकीवरच जातो. या चित्रपटातील खुनी मायकेल मायर्स १९६३ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षे मनोरुग्णालयात काढून पळून येतो. सहा आणि पंधरा मिळून एकवीस. परंतु शेवटच्या श्रेयनामावलीत त्याचे वय २३ छापले आहे! आमच्या कचेरीत एवढ्यावरून दोन दिवस अबोला झाला असता.

कथा घडते इलिनॉय राज्यातील एका कल्पित गावी, ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या सुमारास तिकडे पानगळ असते. चित्रण मात्र झाले कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. त्यामुळे रस्त्यावर वाळकी पाने लोळत आहेत आणि माथ्यावर झाडे हिरवीगार, असा चमत्कार दिसतो. मागे एखादा ताडही डोकावतो. ती वाळकी पाने खरी नव्हतीच. कागदाची पाने रंगवून आणली होती आणि खर्च परवडत नसल्याने प्रत्येक दृश्य संपले की मंडळी ती वेचून पुन्हा पिशव्यांत भरीत. सारा चित्रपट सुमारे तीन-सव्वातीन लाख डॉलरांत झाला. खुन्याचा मुखवटाही दुकानातून दोन डॉलरांहून कमी किमतीस आणलेला. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्कचा तो चेहरा पांढरा रंगवून, डोळ्यांची भोके मोठी करून वापरला. हे कळल्यावर मला ती पाने खोटी दिसेनाशी झाली. ती वेचणारे हात दिसू लागले.

सहाव्या वर्षापासून कोंडलेला हा मनुष्य मोटार कुठे शिकला? येथे लेखक मोठ्या युक्तीने सुटले आहेत. चित्रपटातील एक डॉक्टर हाच आक्षेप घेतो. त्यावर दुसरा डॉक्टर चिडून उत्तरतो की काल रात्री तर तो उत्तम चालवीत होता, कोणी तरी येथेच शिकविले असेल! उत्तर म्हणावे तर हे उत्तर नव्हे. पण आपली शंका पडद्यावरील कोणी तरी बोलून दाखविली की आपण निम्मे निवळतो. बहिणीच्या कबरीचा दगड त्याने एकट्याने माडीवर कसा नेला, याबद्दल मात्र चित्रपट चकार शब्द काढीत नाही. (‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा गोंधळ तर विचारूच नका. १९८० च्या पहिल्या भागात आई बुडालेल्या मुलाचा सूड घेते. पुढच्याच वर्षी तो मुलगा धडधाकट, वाढलेला असा हजर!)

आता ज्यासाठी लिहावयास बसलो ते. चित्रपटाच्या शेवटी लॉरी ही मुलगी जखमी अवस्थेत शेजारच्या घराचे दार ठोठावते, मदतीसाठी आक्रोश करते. आतून दिवा लागतो. खिडकीची पट्टी किंचित हलते. कोणी तरी पाहते. मग दिवा विझतो. हे काही पटत नाही, असे एक स्नेही मला म्हणाले. भरवस्तीत असे कोण वागेल? सणाच्या रात्री तिकडे मुले सोंगे घेऊन दारोदार फिरतात, तेव्हा हीही थट्टाच वाटली असेल, असे मी त्यांस समजाविले. खरे कारण सांगितले नाही.

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील आमच्या जुन्या बिऱ्हाडी, थंडीच्या एका रात्री, मी मुद्रिते वाचीत बसलो असता दारावर थाप पडली. पुन्हा पडली. पत्नी उठू लागली, तेव्हा मी तिला हाताने थांबविले आणि टेबलावरचा दिवा मालविला. कोण असेल, एवढाच विचार मनात होता. थोड्या वेळाने पावले जिना उतरून गेली. सकाळी कळले की वरच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांच्या छातीत रात्री कळ आली होती. दुसऱ्या कोणी तरी गाडी काढली म्हणून ते वाचले. त्यांची सून जिन्यात भेटली. रागावली नाही. ‘भाईसाहेब, दिवा दिसला म्हणून आले होते,’ एवढेच म्हणाली.

चित्रपटातील इतर सर्व चुका मी नेमाने तपासतो. त्या दारापाशी ताड दिसतो की नाही, हे मात्र मला अजून सांगता येणार नाही.