दोष बॅटरीचाच का?

इंग्लंडात जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या बाळगणाऱ्या मंडळींत एक विनोद वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या गाड्यांची विजेची बहुतेक सामग्री बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीची. म्हणून जोसेफ ल्यूकस म्हणजे 'अंधाराचा राजकुमार'. त्याच्या दिव्याच्या बटनाला म्हणे तीनच अवस्था : मंद, मिणमिण आणि बंद. विनोद झकास आहे. मीही वर्गात सांगतो आणि मुले हसतात. परंतु विनोदाने एक घोटाळा करून ठेवला आहे. गाडी सुरू झाली नाही की 'ल्यूकसच ते!' म्हणून खांदे उडवायचे, आणि शोध तिथेच थांबवायचा. मग दुकानात जाऊन नवी बॅटरी आणायची. माझे मत विचाराल तर या गाड्यांच्या न सुरू होण्यात ल्यूकसचा वाटा फार थोडा, बॅटरीचा वाटा समजतो त्याहून कमी, आणि गंजलेल्या सांध्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

एम.जी.बी. हीच गाडी घ्या. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून ती पाच लाखांहून अधिक बाहेर पडली. आपल्याकडील वाचकाला ती परकी वाटेल, पण तिचे १७९८ सी.सी.चे इंजिन बी.एम.सी.च्या 'बी-सिरीज' घराण्यातले. आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. २०१४ साली उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसडर बंद झाली, तोवर आपल्या गावोगावच्या मिस्त्रींनी या कुळाची नाडी हजारो वेळा पाहिली होती. तेव्हा या विषयावर बोलायचा आपल्याला थोडाफार हक्क आहे असे मी मानतो.

एम.जी.बी.ची बॅटरी बॉनेटखाली सापडत नाही. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली, जमिनीलगत बसविलेल्या असत. दोन्ही एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट. तिथून जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे स्टार्टरपर्यंत जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचे पत्र्याचे अंग. इंजिन मात्र रबरावर बसलेले, म्हणजे पत्र्यापासून अलग. त्या दोघांना जोडायला तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी असते. वर पाऊस, खाली रस्त्यावरचे पाणी आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ. चाळीस-पन्नास वर्षांनी त्या वेणीचे आणि दोन बॅटऱ्यांमधल्या दुव्याचे काय होत असेल, याची कल्पना करा.

आता ओहमचा नियम आठवा. सगळ्यांना पाठ आहे, परीक्षेत गुणही मिळाले आहेत. पंधरा वॉटचा दिवा बारा व्होल्टवर सव्वा अ‍ॅम्पिअर घेतो. वाटेतल्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी रोध असला तरी दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही. व्होल्टचा ऐंशीवा भाग गेला तर कोणाला कळणार? पण सेल्फ मारताना स्टार्टर दीडशे अ‍ॅम्पिअर मागतो. त्याच सांध्यात आता दीड व्होल्ट खलास होतात आणि सव्वादोनशे वॉट उष्णता तयार होते. म्हणून 'दिवे लख्ख लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे' हे विधान अडाणीपणाचे आहे, मग ते कितीही आत्मविश्वासाने केलेले असो.

माझा मावसभाऊ इंग्लंडात राहतो. त्याच्याकडे १९६९ सालची एम.जी.बी. आहे. दोन वर्षांत त्याने बॅटऱ्यांच्या तीन जोड्या बदलल्या, एक स्टार्टर बदलला, आणि त्याच्या गॅरेजवाल्याने अखेर सर्व वायरिंग नवे घालण्याचा खर्च सांगितला. तो आकडा ऐकून माझी वहिनी म्हणाली, "गाडी विकून टाका." गाडी जाणार हे जवळजवळ ठरले होते. मी मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे गेलो, तेव्हा साधा मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरी स्वस्थ असताना १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर ११.६. लक्षात घ्या, बॅटरी खचली असती तर हा आकडा नऊच्या आसपास आला असता. स्टार्टरवर मात्र ८.९. मधले २.७ व्होल्ट कुठे गेले? धन बाजूच्या केबलवर ०.३, ठीक. ऋण टर्मिनलपासून इंजिनच्या धातूपर्यंत २.४! त्यातही टर्मिनल ते पत्रा फक्त ०.१, पत्रा ते इंजिन २.३. वेणी हिरवी पडून अर्धी तुटली होती. विजेने बिचारीने मग चोकच्या तारेतून वाट काढली होती. ती तार हाताला गरम लागत होती. एवढ्यात धूर निघाला नाही हे नशीब. नवी वेणी आली, दोन्ही टोके घासून घट्ट बसवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात बोलले. जुन्या बॅटऱ्या फेकल्या त्यातली एक तरी खरोखर खराब होती का, हे आता कोण सांगणार?

गॅरेजवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "साहेब, तासभर मीटर लावून बसलो तर त्या तासाचे पैसे कोण देतो? बॅटरी बदलली की गिऱ्हाईक खूश." त्यात तथ्य आहे. बॅटरी खरोखरच मरतेही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. पण ते ओळखायला घनतामापक आहे : भरलेल्या घराची घनता १.२७-१.२८ च्या आसपास. एक घर इतरांपेक्षा बरेच खाली असेल तर बॅटरी गेली. आणि सहा व्होल्टच्या जोडीतली एकच बदलू नये. थकलेली जोडीदारीण नवीचीही वाट लावते. बॅटरी चांगली असूनही रात्रीतून उतरत असेल तर सगळी बटने बंद करून वाटेत अ‍ॅम्पिअरमापक जोडावा. या गाडीत संगणक नाही, रेडिओची स्मृती नाही. काटा जवळजवळ शून्यावर हवा. (मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.) इंजिन चालू असताना टर्मिनलवर चौदाच्या आगेमागे व्होल्ट मिळत नसतील, तर बॅटरी उपाशी आहे; तिला बदलून काय होणार?

कानांचाही उपयोग करावा. किल्ली फिरवल्यावर एकच 'टक्' म्हणजे सॉलेनॉइड जागा आहे, पण पुढे ताकद पोचत नाही. 'टकटकटक' म्हणजे व्होल्टेज तग धरीत नाही. स्टार्टर नुसताच घरघरतो आणि इंजिन ढिम्म, तर दाते गुंतत नाहीत. आणि सेल्फ सोडताच इंजिन मरते अशी तक्रार सत्तरीच्या दशकातल्या शेवटच्या गाड्यांत आली, तर कॉइलच्या मागचा बॅलास्ट रोध पाहावा. तिथे बॅटरीला हातही लावू नये.

एक गोष्ट मात्र जपून. १९६७ पूर्वीच्या एम.जी.बी.त बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. आपला हात सवयीने ऋण टोक आधी सोडायला जातो. पाना पत्र्याला टेकला की ठिणगी, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघालेला असला तर स्फोट. पत्र्याला जोडलेले टोक, मग ते कोणतेही असो, आधी सोडायचे आणि शेवटी लावायचे. इथे पाठांतर उपयोगी नाही, गाडीकडे बघावे लागते.

हे सर्व महाविद्यालयाच्या अंकात का लिहितो? आपल्या प्रयोगशाळेत विभवमापकाच्या लांब तारेवर जॉकी सरकवून आपण लेक्लांशे घटाचा अंतर्गत रोध काढतो. उत्तर 'बरोबर' येते, कारण ते मागल्या वर्षीच्या वहीत असते. त्याच विद्यार्थ्याची स्कूटर दारात बंद पडली की तो तिला ढकलत दुकानात नेतो. मला हे लाजिरवाणे वाटते, आणि दोष विद्यार्थ्यांचा नाही. प्रयोग निवडणाऱ्या आम्हा शिक्षकांचा आहे. कानडी विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांशीही मी हे बोललो आहे आणि त्यांचेही मत वेगळे नाही.

म्हणून एक सूचना. एक भंगारातला स्टार्टर, तो शिकंज्यात घट्ट धरायला एक भक्कम टेबल, बारा व्होल्टची चालू बॅटरी, एक चांगली आणि एक मुद्दाम गंजवलेली केबल, आणि चार मीटर. विद्यार्थ्याने व्होल्ट कुठे हरवतात ते शोधायचे. कोणती केबल खराब आहे ते त्याला सांगायचे नाही. स्टार्टरवर भार नसल्यामुळे प्रवाह कमी येईल, तेव्हा सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि त्याला ब्रेक लावण्याची काही सोय करावी. आपल्या कर्मशाळेतला सुतार ती करून देईल. स्टार्टर मिळवून देण्याचे खडेबाजारच्या बाजूच्या एका मिस्त्रींनी कबूल केले आहे. आम्लासाठी चष्मे आणि खाण्याचा सोडा तेवढा आपल्याला विकत घ्यावा लागेल.