सदरातला सदरा

दिवाळीच्या आधी महिनाभर शिंप्याच्या दुकानावर ‘नवे कपडे घेणे बंद’ अशी पाटी लागे, ते दिवस आमच्या लहानपणाबरोबर गेले. आता तयार कपड्यांचे राज्य आहे. एस, एम, एल अशा चार-सहा खुणांत साऱ्या मनुष्यजातीची मापे बसवून टाकलेली आहेत. त्या खुणांत जो बसत नाही, त्याने काय घालावे? सदरात एकदम सदरा आणला म्हणून वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. दोहोंत एका कान्याचेच तर अंतर!

मराठीच्या मास्तराला शिवणकामाची गोडी लागते ती त्यातल्या शब्दांपायी. कापड कापण्याआधी ते ‘बेततात’. आपण उठल्याबसल्या बेत करतो आणि मोडतो. शिंप्याचा बेत मात्र कात्री चालली की मोडता येत नाही. आणि शिवणीच्या आत जे जादा कापड सोडायचे, त्याचे नाव ‘माया’! बाजूच्या शिवणीत इंचभर माया असली, तर अंग भरल्यावर सदरा उसवून सैल करता येतो. माया वरून दिसत नाही, पण वेळेला उपयोगी पडते. तयार कपड्यांत ती फार बेताची असते.

आमच्या घरी ही विद्या आली ती अण्णांमुळे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना आणि सदरा चढवायला दुसऱ्याची मदत लागू लागली. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळचे कट्ट्यावर जाणे थांबवले. “बाहुल्यासारखा सजवून घेऊन मी कुठे जाणार नाही,” एवढेच एकदा म्हणाले. दुकानातला दोन मापे मोठा सदराही उपयोगाचा नव्हता. खांदे दंडावर ओघळले आणि हात होता तिथेच अडला.

यात एक गंमत आहे. ढगळ आणि ऐसपैस हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पण मुंढा फार खाली उतरला, की हात उचलताना बाही सबंध सदऱ्यालाच वर ओढते. म्हणून मुंढा काखेच्या जवळ हवा. बाहीचा वरचा भाग घुमटासारखा उंच असतो. तो घुमट इंचभर बसका करायचा आणि बाही रुंद करायची. मात्र बाहीची गोलाई आणि मुंढ्याची गोलाई टेपने मोजून जुळवून घ्यायची. पाठीवर, खांद्याच्या पट्टीखाली, मधोमध दोन इंचांची एक चुणी घालायची. छाती ३८ इंच असेल, तर तयार सदरा ४४ इंच ठेवावा. चार भागांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडच इंच सैलपणा येतो.

मूळ नमुना मी साध्या बुशशर्टाचा घेतला. निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्याचा धंदा अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये सुरू केला. आता ते घरच्या प्रिंटरवरही निघतात. तसे काढल्यास कागदावरचा मापाचा चौकोन पट्टीने आधी तपासावा, म्हणजे छपाईत माप आक्रसले नाही याची खात्री होते. नमुन्यावरचा बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवावा, नाहीतर धुतल्यावर सदरा एका अंगाला पिळतो. अर्ध्या बाह्यांना ४४ इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर सुती कापड पुरते; ते बेतण्याआधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. आणि पहिला सदरा जुन्या चादरीचा! तो कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर चढवावा, खुणा कराव्यात आणि मगच नव्या कापडाला कात्री लावावी.

बटणे नेहमीपेक्षा मोठी, पाऊण इंची घेतली. काजेही त्याच बेताची केली. हिने ती हाताने इतकी सुबक भरली, की माझी शिवण तिच्यापुढे लपून गेली. अण्णांना एक युक्ती शिकवली: दुखरा हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा.

पहिल्या दिवशी अण्णांनी खोलीचे दार लोटून घेतले. आम्ही बाहेर थांबलो. आत जायचे नाही, असे दोघांनीही न बोलता ठरवले होते. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. सगळी बटणे लागलेली होती. “खिसा लहान झालाय,” ते म्हणाले, “चष्म्याचे घर मावत नाही.” आणि चपला घालून कट्ट्याकडे निघाले.

सर्वांनी शिवणयंत्र घेऊन बसावे, असे मी सुचवत नाही. शिंपी अजून आहेत, आणि मुंढ्याची गोष्ट त्यांना माझ्याहून चांगली कळते. पण या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कापड घ्यायला निघालात, तर रंग विचारण्याआधी एवढे विचारा, की हात कुठवर जातो आणि कुठे अडतो. त्याचे उत्तर कुठल्याच तयार कपड्याच्या चिठ्ठीवर छापलेले नसते.