बहात्तर तासांची मुदत

गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास, रक्तदानाच्या वेळी केलेल्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला एवढ्यावरून, पोलिसांकरवी ताब्यात घेऊन क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले, आणि हे सारे कायद्याच्या रीतसर आधाराने घडले. त्या बंदोबस्ताने कोणाचा बचाव झाला हे कोणास सांगता येणार नाही. तपासणी करून घेणे म्हणजे संकट घरी बोलावणे, हा धडा मात्र लोकांनी पुरता गिरवला.

तो धडा अजून पुसला गेलेला नाही. वस्तुतः साधनांची वाण आज उरलेली नाही: निरोध आहे, निर्जंतुक सुई आहे, गर्भवतीने वेळेवर औषध घेतल्यास मूल बहुधा निरोगी जन्मते, आणि जो रुग्ण नियमाने गोळ्या घेऊन रक्तातील विषाणू मोजमापाखाली राखतो त्याच्याकडून शरीरसंबंधात जोडीदारास लागण होत नाही. ज्यांना धोका वरचेवर संभवतो त्यांच्यासाठी आगाऊ घ्यावयाची गोळीही निघाली आहे.

परंतु निरोध फाटला, परिचारिकेच्या बोटात वापरलेली सुई रुतली, किंवा एखाद्या स्त्रीवर बलात्कार झाला, तर पुढचे ७२ तास निर्णायक ठरतात. त्या मुदतीत, आणि शक्य तो पहिल्या काही तासांतच, औषध सुरू करून ते २८ दिवस न चुकता घेतल्यास लागण बव्हंशी टळते. आता मध्यरात्री अपघात विभागात आलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. केसपेपर लिहिणारा कारकून खिडकीतून मोठ्याने विचारतो, ‘काय झालंय?’ मागे रांग उभी. तपासणी केंद्रास कुलूप, ते सकाळी उघडणार. लाजेकाजेने तो माणूस परत फिरला, तर दोष त्याचा म्हणावा की त्या खिडकीचा? आमच्या मते खिडकीचाच.

समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी नको आणि रुग्णाची माहिती फुटता कामा नये, असे २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा बजावून सांगतो आणि तो सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. तेव्हा आरोग्य खात्याने नवे फलक रंगवण्यापूर्वी प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात पहिली मात्रा अहोरात्र हाताशी राहील, आणि ती मागणाऱ्यास आडोशाची एक खोली मिळेल, एवढी तजवीज तातडीने करावी. वाचकांनीही ध्यानी ठेवावे: सल्ल्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.