माड एक, किडी अनेक

माडावरील किडींचा विचार आपल्याकडे एकेका किडीचा स्वतंत्र खटला म्हणून केला जातो. पांढरी माशी आली, अमुक औषध. गेंड्या भुंगा आला, तमुक औषध. मुरबे-सातपाटीच्या किनाऱ्यावर ज्याच्या परसात चारच माड आहेत, त्याला हा हिशेब परवडणारा नाही. शिवाय तो शास्त्राला धरूनही नाही.

एका झाडावर पोसणाऱ्या किडी परस्परांपासून अलिप्त नसतात. मध्य अमेरिकेतली रुगोज सर्पिल पांढरी माशी २०१६ साली दक्षिण भारतातील माडांवर प्रथम आढळली व पुढे कोकणापर्यंत आली. दोन वर्षांनी केरळात बोंडार जातीची, घरटे करणारी माशी दिसली. दोघींचे अन्न एकच, जागाही एकच, पानाची खालची बाजू. काही बागांत नवी बळावताच जुनीचा जोर ओसरल्याचे आढळले. समान गरजांच्या दोन जाती एकाच जागी फार काळ नांदत नाहीत, हे गॉस या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ साली मांडले होतेच. (स्पर्धेचे हे सूत्र डार्विनला माल्थसच्या ग्रंथातून गवसले, याचा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.) परंतु जुनीचा आकडा घटला म्हणून माडाचा रस वाचला असे नव्हे, फक्त चोर बदलला. एकाच किडीची मोजदाद करणारा अहवाल मात्र तिला ‘आटोक्यात’ ठरवील.

भुंग्यांची गोष्ट याच्या उलट. गेंड्या कोवळा कोंब पोखरतो आणि त्या जखमेच्या वासाने आलेली सोंड्याची मादी तेथे अंडी घालते. पहिल्याने माड दुबळा होतो, दुसऱ्याने मरतो. गेंड्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यांत आणि कुजक्या ओंडक्यांत होते. खड्डा एकाचा आणि नुकसान शेजाऱ्याचे, अशा व्यवहाराची नोंद बाजार घेत नाही. ती पंचायतीनेच घ्यावी लागते. खड्डे उपसणे, त्यांत मेटारायझियम बुरशी मिसळणे, मेलेले माड वेळीच हलविणे ही कामे गावाने मिळून केली तरच उपयोगाची.

सरसकट फवारणीने तर पांढऱ्या माशीच्या पिलांवर जगणारी एन्कार्सिया ही इवलीशी गांधीलमाशीही मरते. म्हणजे फुकटचा राखणदार पैसे मोजून घालवायचा. तेव्हा कृषी खात्याने पाहणी किडीच्या नावाने न करता माडाच्या नावाने करावी. तिच्या तक्त्यात दोन्ही पांढऱ्या माशा, एन्कार्सियाने ग्रासलेली पिले आणि गावातील उघडे खड्डे यांना वेगवेगळे रकाने असावेत, आणि ते भरल्याशिवाय औषधाची शिफारस होऊ नये.