घाई धावेची, किंमत हाडांची

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की महाराष्ट्रातील डांबरी रस्ते पहाटेच जागे होतात. मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटरची चाचणी द्यावयाची असते. हाती उरतात जेमतेम काही आठवडे. मग रोज अंगातील सारे बळ पणाला लावून धावणे सुरू होते, आणि ऐन चाचणीच्या तोंडावर नडगीचे दुखणे कित्येकांना घरी बसविते.

दोष दैवाचा नव्हे. हृदय व स्नायू काही आठवड्यांत सरावतात; हाडे आणि कंडरा यांना महिने लागतात. म्हणूनच बहुतेक धाव बोलता बोलता करता येईल इतकी संथ असावी, वेगाचा सराव आठवड्यातून एकदोनदाच व्हावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती मिळावी. झोप आणि पोटभर अन्न हाही सरावाचाच भाग होय. मुलीची मासिक पाळी थांबणे ही मेहनतीची खूण नसून, अन्न अपुरे पडत असल्याचा तो इशारा असू शकतो.

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी 2022 साली बर्मिंगहॅम येथे स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले, ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मुद्दल मोडून व्याज वाढत नसते.

ज्याच्यापाशी शरीराखेरीज दुसरे भांडवल नाही, त्याला घाई परवडत नाही. भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी ठरावे आणि शाळा-महाविद्यालयांची मातीची मैदाने पहाटे खुली राहावीत. सरकारला यासाठी फारसा खर्च नाही. न केल्यास तो त्या घरांना सोसावा लागतो.